मूड लागेपर्यंत थांबायचं का?

वाचकांचे प्रश्न, मानसशास्त्राची उत्तरं. या वेळचा विषय: काम, उत्साह आणि सुचणं

प्रश्न: मी जाहिरातींचं डिझाइन करते. मूड लागला की दोन दिवसांचं काम दोन तासांत उरकतं. नाही लागला, तर सकाळ मेल, इन्स्टाग्राम आणि चहा यांतच जाते. दुपारी चारच्या सुमाराला अपराधी वाटायला लागतं आणि मग रात्री जागून काम संपवते. मूड लवकर आणायचा काही उपाय आहे का?
– डिझायनर, पुणे

उत्तर: मूड आणायच्या मागे लागू नका. तो बऱ्याचदा काम सुरू झाल्यावर येतो, आधी नाही. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली विद्यापीठात शिकवणाऱ्या २७ जणांवर एक प्रयोग केला. एका गटाला सांगितलं, अगदी अडल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला, वाटेल तेव्हा लिहा. तिसऱ्याला, रोज ठरलेलं लिहायचंच, नाहीतर तुम्हाला अजिबात न आवडणाऱ्या संस्थेला देणगीचा चेक जाईल. पानं तिसऱ्या गटाची जास्त भरली, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. या गटाला जवळपास रोज एक नवी कल्पना सुचत होती. वाटेल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, आणि लिहायला मनाई असलेल्यांना पाच दिवसांतून एक. प्रयोग छोटा होता आणि डिझायनरांवर नव्हता, हे धरूनही तो ज्या दिशेने बोट दाखवतो ती दिशा नैराश्याच्या उपचारांतही दिसते. तिथेही आधी हालचाल करायला लावतात, उत्साह मागाहून येतो.

तुमच्या सकाळी नेमकं काय होतं ते पाहा. ‘दिवाळीची कॅम्पेन करायची’ हे काम धूसर आहे. कुठून धरायचं हेच कळत नाही, म्हणून पोटात बारीकशी धाकधूक होते. इन्स्टाग्राम उघडलं की ती लगेच थांबते. हा सुटकेचा क्षण म्हणजे मेंदूला मिळालेली बक्षिसी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी हात आणखी लवकर फोनकडे जातो. आळसाचा इथे फारसा संबंध नाही. दुरुस्ती करायची ती पहिल्या पायरीत.

आदल्या दिवशी कामावरून उठण्यापूर्वी शेवटची दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा. उद्याची पहिली कृती अशी लिहा की सकाळी काहीच ठरवावं लागू नये. ‘लेआउट बघणे’ असं नको. ‘पणत्यांच्या जाहिरातीसाठी पेन्सिलने अंगठ्याएवढे १२ चौकोन, रंग नाही, अक्षरं नाहीत’ असं हवं. शक्य असेल तर काम अशा जागी थांबवा, जिथे पुढचं पाऊल तुम्हाला माहीत आहे. पूर्ण संपवून निघालात, तर सकाळी पुन्हा कोऱ्या कागदासमोर बसावं लागतं.

मग त्या कृतीला रोजच्या एखाद्या ठाम गोष्टीची खूण जोडा: ‘चहाचा कप टेबलावर ठेवला की स्केचबुक उघडायचं.’ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली ही ‘जर असं, तर तसं’ पद्धत साधी वाटते, पण तिच्यावरच्या ९४ चाचण्या २००६ साली एकत्र करून तपासल्या तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. हात-डोळे खुणेची वाट पाहतात, मनाला ‘आता करू की नंतर’ हा वाद घालायला जागाच उरत नाही. फोन बॅगेत, बॅग दुसऱ्या खोलीत. २५ मिनिटांचा गजर लावा. पहिली दहा मिनिटं वाईटच जाणार असं धरून चला, तिथे काय उतरलं ते तपासू नका.

हे बिघडतं कुठे? एक तर खूण ढिली असते. ‘सकाळी लवकर बसायचं’ ही खूण नव्हे, ती इच्छा. दुसरं, उत्साहाच्या भरात पाच-सहा ‘जर-तर’ एकदम ठरवले जातात. एकच ठेवा, ते अंगवळणी पडल्यावर पुढचं. तिसरं आणि सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे आधी ‘फक्त मेल बघून घेऊ’. अर्धवट राहिलेल्या कामाला मनाचा एक भाग चिकटून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगातून दाखवलं. तीन मेलना उत्तर द्यायचं राहिलं असेल, तर चौकोन काढताना तेच डोक्यात घोळत राहणार. मेल बघावेच लागत असतील, तर प्रत्येकापुढे ‘साडेअकराला उत्तर’ असं टिपून ठेवा. काम संपवलं नाही तरी त्याची वेळ नक्की केली की मन बरंचसं सोडून देतं.

आणि ते ‘दोन तासांत दोन दिवसांचं काम’ फार खरं मानू नका. त्याआधीच्या दीड दिवसात विषय डोक्यात मुरत होता, तो हिशेब तुम्ही धरत नाही. शिवाय रात्र जागली की दुसरी सकाळ झोपेअभावी जाते आणि त्याला आपण पुन्हा ‘मूड नाही’ असंच म्हणतो.

प्रश्न: आमच्या कारखान्यात ‘सुधारणा सुचवा’ योजना आहे. प्रत्येक सूचनेला १०० रुपये, महिन्याच्या सर्वोत्तम सूचनेला ५,०००. सुरुवातीला पेटी भरून वाहिली. आता ‘पंखा लावा’, ‘ट्यूबलाइट बदला’ यापलीकडे काही येत नाही. बक्षिसाची रक्कम वाढवावी का?
– उत्पादन विभागप्रमुख, वाहनांचे सुटे भाग, चाकण

उत्तर: नाही. पण कारण समजून घ्या, नाहीतर ‘पैशाने काही होत नाही’ हा चुकीचा धडा घ्याल.

कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं एक जुनं कोडं आहे. टेबलावर एक मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली पुठ्ठ्याची डबी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण टेबलावर गळू नये. माणसं मेणबत्तीलाच टाचणी टोचतात, मेण वितळवून ती भिंतीला चिकटवू पाहतात. उत्तर असं की, डबी रिकामी करायची, ती भिंतीला टाचायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची. डबी ही टाचण्या ‘ठेवायची’ वस्तू आहे, हे डोक्यातून गेल्याशिवाय ती फळी म्हणून दिसत नाही. १९६२ साली सॅम ग्लक्सबर्ग यांनी एका गटाला सांगितलं, लवकर सोडवणाऱ्या पहिल्या चतुर्थांशाला ५ डॉलर, सगळ्यात वेगवानाला २०. या गटाला बिनपैशाच्या गटापेक्षा सरासरी सुमारे साडेतीन मिनिटं जास्त लागली. त्याच प्रयोगात टाचण्या डबीबाहेर काढून ठेवल्या, म्हणजे उत्तर समोरच दिसू लागलं, तेव्हा मात्र पैसे लावलेला गट पुढे गेला.

वाट माहीत असेल तर पैसा वेग वाढवतो. वाट शोधायची असेल तर तो नजर आखूड करतो. पॅकिंगच्या नगांवर प्रोत्साहन भत्ता खुशाल ठेवा, तिथे तो चालतो. सूचनेला नगावर पैसे दिलेत, म्हणून तुम्हाला नग मिळाले.

दुसरा धोका आवडीचा. १९७३ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग पाहा. स्केचपेननी चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं, काहींना न सांगता, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं नुसती टेबलावर ठेवली तेव्हा ‘चित्र काढ, प्रमाणपत्र मिळेल’ असं ऐकलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ पेनांकडे फिरकली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा रस कायम होता. आता ‘मग अचानक द्यावं’ असं वाटेल. द्या, पण अचानकपणा एकदाच टिकतो. पुढच्या वर्षी सगळे वाट बघत असतात.

तेव्हा असं करून पाहा. दर सूचनेचे १०० रुपये बंद करा, पण त्याच दिवशी पर्यायही जाहीर करा, नाहीतर कंपनीने पैसे वाचवले एवढाच अर्थ निघेल. सूचना अमलात येऊन बचत मोजता आली की तिचा ठरलेला हिस्सा त्या लाइनवरच्या सगळ्यांना द्या, एकट्याला नाही. एकट्याला दिला की ‘कल्पना मूळ कोणाची’ यावर भांडणं होतात आणि लोक तोंड मिटून घेतात.

‘सूचना द्या’ हा प्रश्न फार मोठा आहे, तो लहान करा. ‘लाइन ३ वर डाय (सुटे भाग घडवायचा साचा) बदलायला ४० मिनिटं लागतात. यातली कोणती पाच मिनिटं नुसती शोधाशोधीत जातात?’ असं फळ्यावर लिहा, दर पंधरवड्याला एकच. सुपरवायझरला २,००० रुपयांपर्यंतचा खर्च जागेवर मंजूर करायची मुभा द्या, आणि करून पाहायचं काम सुचवणाऱ्याकडेच असू द्या. पान्यांसाठी डायजवळ टांगायचा बोर्ड ज्याने सुचवला, त्यानेच तो वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यावा. आपल्या हाताने बदललेल्या गोष्टीची चटक पाकिटापेक्षा जास्त टिकते.

प्रत्येक सूचनेला सात दिवसांत फळ्यावर उत्तर हवं: हो, नाही किंवा अमुक तारखेला, आणि ‘नाही’चं कारण एका ओळीत. तेरेसा आमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ कर्मचाऱ्यांच्या रोजनिशीतल्या जवळपास १२,००० नोंदी तपासल्या. मन प्रसन्न असलेल्या दिवसांशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट होती आपल्या कामात थोडी का होईना, प्रगती दिसणं. उलट अडथळ्याचा फटका प्रगतीच्या आनंदापेक्षा जोरात बसत होता. पेटीत चार महिने पडलेली चिठ्ठी म्हणजे असाच अडथळा आहे, आणि तो लिहिणाऱ्याबरोबर त्याच्या शेजारच्या मशिनवाल्यालाही दिसत असतो.

राहिला पंखा. ही सूचना टाकाऊ नाही, ती तुमच्या कारखान्यातली सगळ्यात प्रामाणिक चिठ्ठी असेल. मे महिन्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीजवळ उभ्या माणसाकडून प्रक्रिया-सुधारणेची अपेक्षा करण्याआधी पंखा लावा.

प्रश्न: दुःखात कविता चांगली होते म्हणतात. मी गेली काही वर्षं बरी सुखात आहे आणि लिहिणं आटलंय. सुखी माणसाच्या हातून निर्मिती होत नाही का?
– शिक्षिका, सांगली

उत्तर: होते, आणि सरासरीने थोडी जास्तच. मूड आणि सर्जनशीलता यांवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासून मॅटाइस बास आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जे काढलं ते असं: उत्साही आनंदात कल्पना जास्त आणि दूरदूरच्या सुचतात, निवांत समाधानाने काही फरक पडत नाही, दुःखानेही फारसा पडत नाही आणि भीतीने त्या आटतात. म्हणजे कळीचा मुद्दा सुख-दुःखाचा कमी आणि आतल्या जागेपणाचा जास्त आहे. तुमचं लिहिणं सुखाने नाही, बहुधा स्वस्थतेने थांबलं असावं.

मघाचं मेणबत्तीचं कोडं अॅलिस आयसेन यांनी १९८७ साली वापरलं तेव्हा विनोदी फिल्मचा तुकडा पाहिलेल्यांपैकी चारांत तिघांना ते सुटलं, रुक्ष फिल्म पाहिलेल्यांत पाचांत एकाला. काही मिनिटांचं हसू तेवढं पुरतं. उतरलेल्या मनाचाही उपयोग आहे, पण वेगळ्या वेळी. किंचित खट्टू असताना माणूस बारकावे नीट तपासतो, तेव्हा जुन्या कवितांवर हात फिरवायचं काम त्या दिवसांसाठी ठेवा.

दुःखाबद्दल लिहिणं आणि दुःखात लिहिणं यांत गल्लत होते. शोक ऐन भरात असताना सहसा चार ओळी धड जुळत नाहीत. ओळी येतात त्या शोक ओसरल्यावर, तो आठवत असताना.

आणखी एक. आमाबिले यांनीच १९८५ साली ७२ लिहित्या माणसांपैकी काहींना पाचेक मिनिटं फक्त पैसा, नाव, कौतुक अशा लिहिण्याच्या बाहेरच्या कारणांचा विचार करायला लावला. लगेच नंतर लिहिलेल्या त्यांच्या कविता परीक्षकांना फिक्या वाटल्या. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कविसंमेलनाच्या ग्रुपवर कोणाला किती वाहवा मिळाली ते पाहू नका.

प्रश्न: आम्ही सहा जण मिळून दिवाळी अंक काढतो. विषय ठरवायच्या बैठकीत दोघंच बोलतात, बाकीचे माना डोलावतात. शेवटी दरवर्षी तेच विषय. काय करावं?
– संपादक, ठाणे

उत्तर: बैठकीत बोलून कल्पना काढणं बंद करा. एकत्र बसून भराभर बोलायची पद्धत गेल्या शतकाच्या मध्यात अॅलेक्स ऑसबॉर्न या जाहिरातवाल्याने लोकप्रिय केली. तेवढीच माणसं वेगवेगळी बसवली तर एकूण कल्पना जास्त आणि चांगल्या निघतात, हे १९५८ पासून वारंवार दिसलं आहे. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ साली त्याचं मुख्य कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपली पाळी येईपर्यंत धरून ठेवलेली कल्पना विरते, आणि तिला धरून ठेवण्याच्या नादात दुसरी सुचत नाही. संकोच आहेच, पण तो दुय्यम.

तुम्ही सहा आहात, हे बरं. बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली सुचवलेली ६-३-५ पद्धत वापरा. प्रत्येकाला एक कागद, त्यावर तीन उभे रकाने, सहा आडव्या ओळी. पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन विषय लिहायचे, मग कागद उजवीकडच्याला द्यायचा. तो वरचे वाचून त्यांना पुढे नेणारे किंवा अगदी निराळे तीन लिहितो. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ नोंदी. त्यांतल्या बऱ्याच एकसारख्या असतील, ते गृहीत धरा. तिसऱ्या फेरीला सगळे अडतात आणि कोणीतरी ‘पुरे आता’ म्हणतं. तिथे थांबू नका, नेहमीचे विषय तिथवर संपलेले असतात. ‘शिक्षण’ असा एक शब्द लिहायला मनाई करा, पूर्ण ओळ हवी: ‘बंद पडलेल्या मराठी शाळांच्या इमारतींचं आता काय होतं.’

निवड त्याच दिवशी करू नका. मध्ये एक रात्र जाऊ द्या. भरपूर डोकं खाजवून झाल्यावर घेतलेल्या विश्रांतीने कल्पनांच्या कामाला फायदा होतो. डोकं न खाजवता घेतलेल्या विश्रांतीकडून तेवढी अपेक्षा नको. दुसऱ्या दिवशी कागद भिंतीवर लावा, प्रत्येकाला पेनाने तीन ठिपके द्यायची मुभा, बोलायचं नाही, आणि तुम्ही, संपादकांनी, ठिपके सगळ्यात शेवटी द्यायचे.

जमल्यास फेऱ्यांआधी तलावपाळीला एक चक्कर मारून या. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०१४च्या प्रयोगांत चालताना कल्पनांची निर्मिती बसून असण्यापेक्षा सरासरी ६० टक्क्यांनी वाढली. एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांना मात्र चालण्याचा फायदा झाला नाही, तेव्हा मुद्रितं बसूनच तपासा.

प्रश्न: मी घरून अमेरिकेतल्या क्लायंटसाठी कोडिंग करतो. पूर्वी कोड लिहिताना वेळ कळायचा नाही. गेले दोन-अडीच महिने काहीच नको वाटतं. काम तर नाहीच, पण क्रिकेट, मित्र, जेवण, कशातच रस नाही. पहाटे चारला जाग येते. प्रेरणा वाढवण्यासाठी काय वाचावं?
– वाचक, नागपूर

उत्तर: सध्या काही वाचू नका, या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. कामाचा कंटाळा सुट्टीत, मॅच बघताना, मित्रांत उतरतो. तुमचा उतरत नाही, हाच फरक आहे. उदासी किंवा कशातच रस नसणं दिवसाचा बहुतेक वेळ, जवळपास रोज, दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता बिघडली, तर तो मूडचा किंवा प्रेरणेचा प्रश्न राहत नाही. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आधी फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्यांबद्दल त्यांना विचारा, कारण यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो.

डॉक्टरकडे जाण्याआधी बोलावंसं वाटलं, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, दिवसरात्र आणि मोफत, मराठीतही बोलता येतं. जगू नये असे विचार येत असतील तर आजच फोन करा, घरातल्या एकाला स्पष्ट सांगा आणि एकटे राहू नका.

उपचार लागू होईपर्यंत: रात्रीच्या कामामुळे झोप उशिरा असली तरी उठायची वेळ रोज एकच ठेवा, आणि उठल्यावर अर्धा तास उन्हात. झोपेसाठी दारू नको, ती पहाटेची जाग वाढवते. दिवसाला दोन छोट्या गोष्टी घड्याळाच्या वेळेसह लिहा, उदाहरणार्थ ‘साडेपाचला दूध आणायला पायी जाणे’. करण्याआधी आणि नंतर मनाला शून्य ते दहा गुण द्या. दोनाचे तीन झाले तरी ते कागदावर दिसायला हवं, कारण या काळात मन अशी वाढ विसरून जातं. वरिष्ठांना आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. ‘तब्येतीवर उपचार सुरू आहेत, सहा आठवडे नवी जबाबदारी नको’ एवढं पुरे. राजीनाम्याचा निर्णय बरं वाटेपर्यंत बाजूला ठेवा.

प्रश्न: काम करताना गाणी लावली की मूड चांगला राहतो, पण साहेब म्हणतात चुका होतात. खरं कोणाचं?
– अनुवादक, पणजी

उत्तर: दोघांचं. समजणारे शब्द कानावर पडत असले की मेंदू त्यांचा अर्थ थोडाफार लावतोच, आणि वाचन, लेखन, अनुवाद याच वाटेने चालतात. आकडे नोंदवणं, फाइलींची नावं बदलणं असल्या कामांना गाणी चालतील. अनुवादाला बसण्यापूर्वी दहा मिनिटं आवडीची गाणी ऐका, मग बंद करा. शांतता अगदीच खायला उठत असेल तर नुसती सतार किंवा बासरी लावा, आणि तीही मुद्रित तपासताना नको.